९६ संगणक, एक मेल प्रोग्रॅम: पतसंस्थेतल्या थंडरबर्डच्या सेटिंग्ज एका जागेवरून चालवण्याचे प्रकरण

जिल्ह्याच्या ठिकाणी मुख्य कार्यालय, तालुक्यांत १४ शाखा. मुख्य कार्यालयात २६ संगणक आणि प्रत्येक शाखेत ५, म्हणजे एकूण ९६. सहकारी पतसंस्थेची ही मांडणी नमुन्यादाखल घेतली आहे आणि संगणकांचे आकडे हिशेब नीट कळावा म्हणून धरले आहेत. सॉफ्टवेअरचे वागणे आणि त्यात होणारे घोटाळे मात्र जसे आहेत तसेच मांडले आहेत.

संस्थेची मेल एका होस्टिंग कंपनीच्या सामायिक सर्व्हरवर होती. ती स्वतःच्या सर्व्हरवर, डव्हकॉट (मेल साठवून वाचायला देणारा प्रोग्रॅम) आणि पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-स्वीकारणारा प्रोग्रॅम) यांवर आणायची होती. मेल वाचायला सगळीकडे थंडरबर्ड हा मेल प्रोग्रॅम. प्रत्येक संगणकावर ते बसवणारा माणूस वेगळा होता आणि प्रत्येकाने हाताला येईल तशा सेटिंग्ज भरल्या होत्या. सर्व्हर बदलायचा तर ९६ ठिकाणी जाऊन खाते दुरुस्त करा, हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे सेटिंग्ज एका जागेवरून ठरवणे. संस्थेने दुसरा मार्ग घेतला. तिथे सगळ्यात महत्त्वाचा निर्णय असतो तो कोणती सेटिंग कुठल्या थरावर ठेवायची याचा. तो चुकला की मध्यवर्ती व्यवस्थेतून झालेली चूकही एकाच वेळी सगळीकडे पोचते.

आधी मोजदाद

कुठलीही फाइल लिहिण्यापूर्वी प्रत्येक संगणकावरून पाच गोष्टी गोळा केल्या: थंडरबर्डची आवृत्ती, ते ३२ बिटचे की ६४ बिटचे, खाते आयमॅपचे (मेल सर्व्हरवरच राहते) की पॉप३चे (मेल संगणकावर उतरवली जाते), सर्व्हरच्या रकान्यातले नाव आणि प्रोफाइल फोल्डरचा, म्हणजे वापरकर्त्याची खाती, सेटिंग्ज आणि मेल जिथे साठते त्या फोल्डरचा आकार. हे सगळे प्रोफाइलमधल्या प्रेफ्स.जेएस या साध्या मजकुराच्या फाइलवरून आणि प्रोग्रॅमच्या फोल्डरवरून कळते. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट पुरते.

चित्र असे निघाले. ६५ संगणकांवर आयमॅप, ३१ वर पॉप३. आयमॅपच्या ६५ पैकी ३८ ठिकाणी सर्व्हरचे नाव संस्थेच्या स्वतःच्या डोमेनखालचे होते, २७ ठिकाणी होस्टिंग कंपनीच्या यंत्राचे नाव थेट टाकलेले होते. १८ संगणकांवर ३२ बिटचे थंडरबर्ड. मुख्य कार्यालय आणि ९ शाखा मिळून ७१ संगणक विंडोज डोमेनमध्ये होते. उरलेल्या ५ शाखांतले २५ संगणक वर्कग्रुपमध्ये, म्हणजे त्यांच्यापर्यंत ग्रुप पॉलिसी (डोमेनमधल्या सगळ्या संगणकांना एका जागेवरून सेटिंग्ज देणारी विंडोजची सोय) पोचत नव्हती.

३८ आणि २७ हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण सगळ्या कामाचा आकार त्यानेच ठरवला. स्वतःच्या डोमेनचे नाव टाकलेले ३८ संगणक डीएनएसमधली (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतली) एक नोंद बदलली की नव्या सर्व्हरकडे जातात. त्यांना हात लावावा लागत नाही आणि साठवलेले पासवर्डही त्याच नावाशी जोडलेले असल्याने चालू राहतात, अर्थात नव्या सर्व्हरवर पासवर्ड तेच ठेवले असतील तर. २७ संगणकांची गोष्ट तशी नाही. त्यांच्याकडे पुढे येऊ.

तीन थर

थंडरबर्डमध्ये मध्यवर्ती नियंत्रणाच्या तीन वेगळ्या सोयी आहेत. अनेक ठिकाणी त्या एकमेकींच्या जागी वापरल्या जातात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिली सोय धोरणांची, म्हणजे संस्थेने थंडरबर्डला बाहेरून घालून दिलेल्या नियमांची. २०१९ च्या ६८ व्या आवृत्तीपासून ती आहे. विंडोजवर धोरणे दोन ठिकाणांहून वाचली जातात: रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या) मोझिला-थंडरबर्डच्या पॉलिसीज शाखेतून, जिथे ग्रुप पॉलिसी लिहिते, किंवा प्रोग्रॅमच्या फोल्डरात डिस्ट्रिब्यूशन नावाचा उपफोल्डर करून त्यात ठेवलेल्या पॉलिसीज.जेसन या फाइलमधून. एकच धोरण दोन्हीकडे असेल तर रजिस्ट्रीतले वरचढ ठरते. संगणकावर कोणीही बसले तरी सारखेच हवे असलेले नियम इथे ठेवावेत.

दुसरी सोय स्वयं-संरचना फाइलची, म्हणजे मोझिला.सीएफजी. ही जावास्क्रिप्टची फाइल प्रोग्रॅमच्या मुख्य फोल्डरात राहते आणि डीफॉल्ट्स-प्रेफ फोल्डरातली दुसरी छोटी फाइल तिचे नाव सांगते. धोरणांना जे जमत नाही ते इथे जमते: अट घालणे, वापरकर्त्याचे लॉगिन नाव वाचणे, सेटिंग्जच्या आधीच्या किमती, म्हणजे त्यांत भरलेली मूल्ये, तपासून मगच काही बदलणे.

तिसरी सोय खाते तयार होतानाची. कर्मचाऱ्याने नाव आणि ईमेल पत्ता भरला की थंडरबर्ड प्रोग्रॅमच्या फोल्डरातल्या आयएसपी उपफोल्डरात, मग ईमेलच्या डोमेनपुढे ऑटोकॉन्फिग हा शब्द लावून तयार होणाऱ्या वेबपत्त्यावर, मग थंडरबर्डच्या स्वतःच्या सार्वजनिक कोशात माहिती शोधते. काहीच सापडले नाही तर नेहमीची नावे आणि पोर्ट आजमावून अंदाज बांधते. त्या वेबपत्त्यावर वाचली जाणारी, सेटिंग्ज लिहिलेली एक्सएमएल फाइल संस्थेने आपल्या वेबसर्व्हरवर ठेवली: येणाऱ्या मेलसाठी आयमॅप, पोर्ट ९९३, सुरुवातीपासून टीएलएस (जोडणी कूटबद्ध करण्याची पद्धत), जाणाऱ्या मेलसाठी पोर्ट ४६५, तेही सुरुवातीपासून टीएलएस, वापरकर्ता नाव म्हणजे पूर्ण ईमेल पत्ता. ५८७ ऐवजी ४६५ घेण्यामागे आरएफसी ८३१४ हा इंटरनेटच्या तांत्रिक मानकांपैकी एक दस्तऐवज आहे. २०१८ च्या या दस्तऐवजात जोडणी उघडतानाच कूटबद्ध करणारे पोर्ट वापरण्याची शिफारस आहे.

वर्कग्रुपमधल्या २५ संगणकांना या फाइलचा मोठा आधार मिळाला, कारण तिच्यासाठी संगणकावर काहीच बसवावे लागत नाही. मात्र ती फक्त खाते तयार होतानाच वाचली जाते. नंतर फाइलमध्ये पोर्ट बदलला तरी आधीच्या खात्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. सर्व्हर हलवताना या फाइलवर विसंबणाऱ्यांची फसगत इथेच होते.

धोरणांत काय ठेवले, काय ठेवले नाही

टीएलएसची किमान आवृत्ती १.२. २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून थंडरबर्डची मूळ सेटिंगही हीच आहे, पण जुना सर्व्हर चालावा म्हणून काही संगणकांवर ती कोणीतरी खाली आणली होती. धोरणाने ती परत वर नेली. मेलमधली बाहेरची चित्रे आपोआप न उघडणे हे कुलूपबंद केले, म्हणजे वापरकर्त्याला बदलता येणार नाही असे केले. विस्तार (थंडरबर्डला वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम) सरसकट बंद करून मोजकेच मान्य केले. सर्व्हर खरा आहे हे ज्यांवरून ठरते ती विंडोजमधली संस्थेची मूळ प्रमाणपत्रे थंडरबर्डने मान्य करावीत हे धोरणही चालू केले. थंडरबर्ड स्वतःचा प्रमाणपत्रसाठा वापरते, त्यामुळे विंडोजला चालणारे अंतर्गत प्रमाणपत्र त्याला चालेलच असे नाही. मेल तपासण्यासाठी मध्ये घुसणारे अँटिव्हायरस असेल तर प्रमाणपत्राच्या नेमक्या याच तक्रारी येतात.

अपडेट बंद करण्याचा आग्रह मुख्य कार्यालयातून झाला होता. तो मान्य न करणे योग्यच होते. मेल प्रोग्रॅम दिवसभर अनोळखी लोकांनी पाठवलेला मजकूर उघडतो. त्याला सुरक्षा दुरुस्त्यांपासून तोडणे परवडत नाही. मार्च २०२५ पासून थंडरबर्डची दर महिन्याची आवृत्ती हा मुख्य मार्ग झाला आहे, आणि संस्थांसाठी दीर्घ मुदतीची ईएसआर मालिका आहेच. इथे ईएसआर घेतली आणि अपडेट चालू ठेवले. वर्षातून एकदा मोठी उडी येते तेव्हा मान्य केलेले विस्तार आधी दोन संगणकांवर तपासायचे, कारण आतल्या भागांना हात घालणारे विस्तार अशा उडीत हमखास बंद पडतात.

पासवर्ड साठवणेही बंद केले नाही. ते बंद केले की कर्मचारी पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवतो. त्याऐवजी साठवलेले पासवर्ड उघडून दाखवणारे बटण धोरणाने बंद केले आणि डिस्क कूटबद्ध केली.

एक अट विसरून चालत नाही. या फाइली प्रोग्रॅमच्या फोल्डरात राहतात. कर्मचाऱ्याच्या लॉगिनला प्रशासकाचे अधिकार असतील तर तो त्या पुसू शकतो आणि कुलपाला अर्थ उरत नाही. याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे: मोझिला.सीएफजी ही चालणारी जावास्क्रिप्ट आहे. ती बदलण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळ्यांची मेल. ती फाइल जिथून वाटली जाते त्या सामायिक फोल्डरवर लिहिण्याचा अधिकार दोन व्यक्तींपलीकडे देऊ नये. आणि तीत पासवर्ड कधीही लिहू नये. ती प्रत्येक वापरकर्त्याला वाचता येते.

क्रमांकांचा सापळा

थंडरबर्ड खात्यांना क्रमांक देते: सर्व्हर१, सर्व्हर२, ओळख१, ओळख२ (ओळख म्हणजे पाठवणाऱ्याचे नाव, पत्ता वगैरे). पहिल्या चाचणीच्या मसुद्यात सर्व्हर१ चे होस्टनेम, म्हणजे सर्व्हरचे नाव, कुलूपबंद केले होते. मुख्य कार्यालयातल्या दोन संगणकांवर ते चालले. तिसऱ्यावर सर्व्हर१ म्हणजे स्थानिक फोल्डर होते, चौथ्यावर व्यवस्थापकांचे जुने खासगी खाते. क्रमांक खाती कोणत्या क्रमाने तयार झाली आणि मधली कोणती पुसली गेली यावर ठरतात, म्हणून ते संगणकागणिक वेगळे असतात. धोरणांत किंवा कुलूपबंद सेटिंग्जमध्ये क्रमांक लिहिणे म्हणजे कुणाचे तरी दुसरेच खाते मोडणे.

स्वयं-संरचना फाइलमध्ये यावर उपाय आहे. ती वापरकर्त्याच्या सेटिंग्ज वाचून झाल्यावर चालते, त्यामुळे खात्यांची यादी घेऊन एकेका सर्व्हरचे होस्टनेम तपासता येते आणि जिथे होस्टिंग कंपनीचे जुने नाव दिसेल तिथेच नवे घालता येते. वरवर पाहता २७ संगणकांचा प्रश्न सुटला. पण होस्टनेम आणखी तीन ठिकाणी लिहिलेले असते. ‘पाठवलेले’ आणि ‘मसुदे’ कोणत्या फोल्डरात जायचे हे ओळखीच्या सेटिंगमध्ये पूर्ण पत्त्याने लिहिलेले असते आणि त्या पत्त्यात सर्व्हरचे नाव असते. मेल आपोआप फोल्डरांत टाकणाऱ्या नियमांच्या फाइलीतही तेच. आणि साठवलेला पासवर्डही सर्व्हरच्या नावाशी बांधलेला असतो. स्क्रिप्ट फक्त होस्टनेमची ओळ बदलते. परिणाम असा की मेल येते, जाते, पण पाठवलेल्या मेलची प्रत साठवताना चूक दाखवली जाते आणि नियम थांबतात. शाखेतून फोन येतो, “मेल जातेय पण सेंटमध्ये दिसत नाही.”

२७ हा आकडा लहान आहे. त्यामुळे स्क्रिप्ट आणखी गुंतागुंतीची करण्यापेक्षा दूरस्थ जोडणी घेऊन ही खाती प्रोग्रॅमच्या सेटिंग्जच्या पडद्यावरून बदलली, प्रत्येक ठिकाणी ‘प्रती आणि फोल्डर’ हे पान आणि नियमांची यादी डोळ्यांनी तपासली, आणि पासवर्ड कर्मचाऱ्याकडूनच भरून घेतला. २७०० संगणक असते तर स्क्रिप्टला पर्याय नव्हता. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२५ मध्ये ४० हजारांवर मेलबॉक्स मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज-आउटलुकवरून ओपन-एक्सचेंज हा मेल सर्व्हर आणि थंडरबर्ड यांवर नेले. त्या पातळीवर हाताने काहीच करता येत नाही. इथे मात्र हातच बरे होते. नवे नाव संस्थेच्या डोमेनखालचे घेतले, त्यामुळे पुढच्या वेळी सर्व्हर बदलला तरी ही खाती उघडावी लागणार नाहीत.

पॉप३ची ३१ खाती

आयमॅपपेक्षा हे काम वेळखाऊ. पॉप३ खाते आयमॅपमध्ये बदलता येत नाही. नवे खाते काढून जुनी मेल त्यात ओढून न्यावी लागते. ती मेल बहुतेक वेळा फक्त त्या एका संगणकावरच असते, म्हणून आधी थंडरबर्ड बंद करून पूर्ण प्रोफाइल फोल्डरची प्रत काढली. सर्व्हरवर प्रत्येकाला ५ जीबी जागा ठरली होती. ज्यांची साठवण त्याहून मोठी, त्यांची शेवटच्या दोन वर्षांची मेल सर्व्हरवर नेली आणि उरलेली स्थानिक फोल्डरांतच ठेवली. ओढताना एका वेळी काही शे मेलच घ्याव्यात. हजारोंनी ओढल्या आणि जोडणी मध्येच तुटली तर किती गेल्या आणि किती राहिल्या हे शोधण्यातच दिवस जातो.

यातला एक धोका आधीच ओळखून बंद केला होता. काही पॉप३ खात्यांत ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ हे बंद होते आणि सर्व्हरचे नाव संस्थेच्याच डोमेनचे होते. डीएनएस बदलल्यावर असे खाते नव्या सर्व्हरला जोडले गेले असते, शाखेच्या सामायिक पेटीतली सगळी मेल स्वतःकडे उतरवून सर्व्हरवरून पुसली असती, आणि बाकीच्या चार संगणकांवर पेटी रिकामी दिसली असती. म्हणून नव्या डव्हकॉटमध्ये पॉप३ सुरूच केले नाही; प्रोटोकॉलच्या यादीत आयमॅप आणि एलएमटीपी (आलेली मेल पेटीत टाकण्यासाठीचा) एवढेच. विसरलेले पॉप३ खाते मग नुसती चूक दाखवते, नुकसान करत नाही.

शाखेची लाइन आणि जोडण्यांची मर्यादा

आयमॅप खात्याची सगळी मेल संगणकावर उतरवून ठेवणे ही थंडरबर्डची मूळ सेटिंग आहे. मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेताना आयमॅपसिंकसारखे साधन वापरले तर संदेशांना नवे क्रमांक मिळतात आणि प्रत्येक संगणक सगळी मेल पुन्हा उतरवतो. शाखेत ५ संगणक, प्रत्येकी ३ जीबी धरले तर १५ जीबी. २० एमबीपीएसच्या लाइनवर दुसरे काहीही चालू नसताना १ तास ४० मिनिटे. सकाळी दहाला काउंटर उघडल्यावर हे सुरू झाले तर ठेवींच्या नोंदीही अडकतात. यावर दोन उपाय केले. जुन्या बाजूलाही डव्हकॉटच होते, म्हणून मेलडिर फोल्डर (ज्यांत डव्हकॉट मेल साठवते) त्यांतल्या क्रमांक-यादीच्या फाइलींसकट जसेच्या तसे आणले, म्हणजे क्रमांक टिकले. आणि मूळ किंमत म्हणून, म्हणजे कुणी काही न बदलल्यास लागू होणारी, फक्त शेवटच्या ३० दिवसांची मेल उतरवण्याची सेटिंग दिली. कुलूप लावले नाही, ज्याला पाहिजे त्याने वाढवावी.

जोडण्यांचे प्रकरण मात्र चाचणीत दिसले नाही, प्रत्यक्ष सुरू झाल्यावरच दिसले. थंडरबर्ड एका आयमॅप खात्यासाठी ५ पर्यंत जोडण्या उघड्या ठेवते. डव्हकॉट एका वापरकर्त्याला एका आयपी पत्त्यावरून मुळात १० जोडण्या देते. शाखेची सामायिक पेटी ४ संगणकांवर उघडी, आणि राउटरमुळे सगळे एकाच बाहेरच्या पत्त्यावरून येतात: ४ गुणिले ५ म्हणजे २०. मग एका संगणकावर मेल येते, दुसऱ्यावर अडते, पंधरा मिनिटांनी उलटे होते. कर्मचाऱ्याला वाटते लाइन खराब आहे. सर्व्हरच्या लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) मात्र वापरकर्ता आणि आयपीच्या जोडण्यांची कमाल संख्या ओलांडल्याचे स्पष्ट लिहिलेले असते. चाचणी मुख्य कार्यालयात वैयक्तिक खात्यांवर झाली होती, म्हणून ते सुटले. उपाय दोन्हीकडून केला: सर्व्हरवर मर्यादा ३०, आणि धोरणातून जोडण्यांची मूळ किंमत २. ज्या खात्यात हा आकडा कुणी हाताने बदलला आहे तिथे मूळ किंमत लागू होत नाही. अशी ३ खाती वेगळी शोधावी लागली. किंमत १ करू नये, मोठ्या फोल्डरात शोध चालू असताना नवी मेल अडून राहते.

लॉगचा विषय निघालाच आहे तर: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत माहिती-तंत्रज्ञान यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायला सांगितले आहे. मेल सर्व्हरची डिस्क ठरवताना ते धरावे.

‘माझी सगळी मेल गेली’

३२ बिटवरून ६४ बिटवर नेलेल्या १८ संगणकांवर ही हाक अपेक्षितच होती. ६८ व्या आवृत्तीपासून थंडरबर्ड प्रत्येक बसवणीला स्वतंत्र प्रोफाइल जोडते आणि ही जोडणी प्रोग्रॅमच्या फोल्डरच्या मार्गावर अवलंबून असते. ३२ बिटचा प्रोग्रॅम वेगळ्या फोल्डरात असतो. ६४ बिटचा नव्या फोल्डरात बसला की कोरी प्रोफाइल उघडू शकते, खाते काढण्याचा पडदा समोर येतो आणि मेल गेल्यासारखी वाटते. ती गेलेली नसते. प्रोफाइल व्यवस्थापक उघडून जुनी प्रोफाइल निवडली की सगळे परत दिसते. पण घाबरून कर्मचाऱ्याने नव्या प्रोफाइलमध्ये खाते काढून आठवडाभर काम केले तर दोन प्रोफाइल जुळवत बसावे लागते. म्हणून या १८ ठिकाणी प्रोग्रॅम बदलल्यावर लगेच प्रोफाइल निवडून देणे हा त्याच कामाचा भाग धरला. नव्या आवृत्तीने एकदा उघडलेली प्रोफाइल जुनी आवृत्ती उघडत नाही. मागे फिरायचे असेल तर आधी काढलेली प्रतच कामाला येते.

फाइली वाचल्याच गेल्या नाहीत तेव्हा

धोरण लागू झाले की नाही हे थंडरबर्डमध्येच पाहता येते. मदतीच्या मेनूतल्या समस्यानिवारणाच्या पानावर धोरणांची स्थिती असते: सक्रिय, निष्क्रिय किंवा चूक. तिथून सक्रिय धोरणांची आणि चुकांची यादी उघडते. वर्कग्रुपमधल्या ३ संगणकांवर ‘निष्क्रिय’ दिसले आणि चौथ्यावर ‘चूक’. दोन ठिकाणी फाइलच्या नावामागे टीएक्सटी चिकटले होते, कारण विंडोज नावाचा शेवटचा भाग लपवते. एका ठिकाणी फाइल ३२ बिटच्या जुन्या फोल्डरात पडली होती. चौथ्यावर जेसनमध्ये शेवटच्या ओळीनंतर स्वल्पविराम होता.

मोझिला.सीएफजीचे दोन ठरलेले दोष आहेत. तिची पहिली ओळ प्रोग्रॅम वाचतच नाही, म्हणून तिथे टिप्पणीच हवी. तिथे सेटिंग लिहिली तर ती गुपचूप गळते. आणि नाव सांगणाऱ्या छोट्या फाइलमध्ये गूढ-अंक, म्हणजे फाइल कितीने सरकवून सांकेतिक केली आहे हे सांगणारा आकडा, शून्य केला नाही तर थंडरबर्ड सीएफजी सांकेतिक रूपात आहे असे समजून वाचते आणि सुरू होतानाच संरचना फाइल वाचता आली नाही असे सांगते.

डोमेनमधल्या संगणकांवर उशीर दुसऱ्या कारणाने झाला. ग्रुप पॉलिसी ९० मिनिटांनी, अधिक ३० मिनिटांपर्यंतच्या फरकाने ताजी होते, आणि थंडरबर्ड धोरणे फक्त सुरू होताना वाचते. शाखांत ते दिवसेंदिवस बंदच होत नाही, संगणक झोपतो आणि उठतो एवढेच. ‘प्रोग्रॅम पूर्ण बंद करून उघडा’ ही सूचना म्हणून लेखी दिली.

दिवस आणि परतीचा मार्ग

मार्चअखेर आणि कोणत्याही महिन्याचे शेवटचे तीन दिवस वगळून शनिवार संध्याकाळ निवडली. डीएनएस नोंदीची मुदत होस्टिंगच्या पॅनेलमध्ये १४,४०० सेकंद, म्हणजे चार तास होती. ती आदल्या दिवशीच ३०० सेकंद केली. बदल करण्याआधी अर्धा तास मुदत कमी केली तर जुनी नोंद चार तास फिरतच राहते आणि निम्म्या शाखा जुन्या सर्व्हरवर मेल लिहीत बसतात. जुना सर्व्हर महिनाभर चालू ठेवला आणि पहिल्या आठवड्यात तिथे चुकून उतरलेली मेल रोज रात्री नव्याकडे ओढली.

परत फिरायची वेळ आली असती तर कुलूपबंद सेटिंग्जची चिंता नव्हती. कुलूप मूळ किमतीवर बसते, वापरकर्त्याची जुनी किंमत त्याखाली तशीच राहते आणि कुलूप काढले की पुन्हा दिसते. साध्या ‘प्रेफ’ आज्ञेने लिहिलेली किंमत मात्र वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये कायमची जाते. सीएफजी पुसली तरी ती उरते. म्हणून संस्थेच्या फाइलमध्ये ‘प्रेफ’ एकदाही वापरलेली नाही. पत्त्यांच्या सामायिक वहीसाठी एलडॅपच्या (अशी वही सर्व्हरवरून वाचण्याच्या पद्धतीच्या) ओळीदेखील ‘डीफॉल्टप्रेफ’ने, म्हणजे फक्त मूळ किंमत ठरवणाऱ्या आज्ञेने लिहिल्या आहेत, आणि पूर्ण फाइल टिप्पण्यांसह ४० ओळींच्या आत आहे.